पावाच्या रंगाची कुत्री

कुत्र्यांविषयी लिहिण्याचा मला काहीही अधिकार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. मी मराठी शिकवते, घरात पुस्तकांखेरीज काही पाळत नाही, आणि २०१८ च्या मे महिन्यापर्यंत, म्हणजे वयाच्या चाळिशीपर्यंत, रस्त्यात कुत्रे बसलेले दिसले की पलीकडच्या बाजूने जाण्याचा माझा शिरस्ता होता. लोकांना ती भीती वाटे. मी तसे वाटू देत असे.

त्या मे महिन्यात मी धाकट्या भावाकडे हंगेरीला गेले. भावजयीचे बाळंतपण होते, आईचे गुडघे प्रवासाला साथ देत नव्हते आणि कॉलेजला सुट्टी लागली होती. उत्तरपत्रिकांचा शेवटचा गठ्ठा सोपवला त्याच्या तिसऱ्या दिवशी मी विमानात होते. भाऊ राहतो सेंतेंद्रेला. बुडापेस्टच्या उत्तरेला डॅन्यूबच्या काठी वसलेले हे जुने गाव, शहरातून निघणाऱ्या उपनगरी गाडीचे शेवटचे स्थानक. त्याच्याकडे कुत्री आहे हे ठाऊक होते. ती अंगणात, साखळीला असेल अशी माझी कल्पना होती. दार उघडले तेव्हा ती उंबऱ्याच्या आत उभी होती. भुंकली नाही. माझ्या हाताचा वास घेतला, एक वळसा घातला आणि आपल्या बावीस-तेवीस किलोंचा सगळा भार माझ्या गुडघ्यांवर टाकून शांतपणे रेलून उभी राहिली.

"ती टेकते," भाऊ म्हणाला. "घाबरू नकोस ताई, तेवढेच करते."

तिचे नाव झ्योम्ले. हंगेरियन भाषेत न्याहारीच्या छोट्या गोल पावाला हे नाव आहे, आणि या जातीच्या रंगालाही तिथे 'पावासारखा पिवळा' असेच म्हणतात. भट्टीतून नुकत्याच काढलेल्या पावाची पाठ डोळ्यांसमोर आणावी. सोनेरी, कडेकडेने तांबूस. नाक, पापण्यांच्या कडा, नखे, सगळे त्याच कुळातले. काळा रंग औषधालाही नाही. काळे नाक असेल तर ते या जातीत वैगुण्य धरतात. माझ्या कानाला मात्र ते नाव पहिल्या दिवशी 'झोंबली' असे ऐकू आले आणि मी तेच धरून ठेवले, कारण ती खरोखरच झोंबत असे. स्वयंपाकघरात गेले की पायात, खुर्चीत बसले की मांडीवर हनुवटी, न्हाणीघराचे दार लावले की दाराबाहेर तिचा सुस्कारा. ही तिची एकटीची खोड नव्हे, सगळी जातच अशी आहे. शिकाऱ्याच्या बंदुकीपासून फार लांब न जाता, मधूनमधून मागे वळून त्याच्याकडे पाहत काम करणारी ही कुत्री. पिढ्यान्‌पिढ्या ती तशीच निवडली गेली. आता शिकार राहिली नाही, मागे वळून पाहणे राहिले.

जातीचे नाव विज्ला. मराठी शिकवणारीला आधी शब्द दिसतो, इलाज नाही. 'विज्लात' हे हंगेरियन क्रियापद आहे: शोधक नजरेने पाहणे, धुंडाळणे. परीक्षेला त्या भाषेत 'विज्गा' म्हणतात. हे दोन शब्द ऐकल्याबरोबर मला बहिणी वाटले, आणि झोंबली पहिले दोन दिवस माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती ती पाहता ते नाते मला पटलेही. गंमत अशी की विज्ला हे मुळात एका जातीचे नाव नाहीच. लपलेल्या पक्ष्याचा वास लागताच जागच्या जागी थिजून शिकाऱ्याला दिशा दाखवणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला हंगेरियन माणूस विज्ला म्हणतो. इंग्लिश विज्ला, जर्मन विज्ला. म्हणून या कुत्रीपुढे 'मज्यार', म्हणजे हंगेरियन, हे विशेषण लावावेच लागते. आणि एकदा विशेषण लागले की इतिहास मागोमाग येतो.

तो इतिहास भावाच्या घरातल्या पुस्तकांत मोठ्या अभिमानाने छापलेला होता. हजार-अकराशे वर्षांपूर्वी मज्यार टोळ्या घोड्यांवरून कार्पेथियन पर्वतांच्या कुशीतल्या सपाटीवर उतरल्या, त्यांच्यासोबत या कुत्र्यांचे पूर्वज आले. चौदाव्या शतकातल्या कागदपत्रांत आणि चित्रांत ते दिसतात. आधी ससाण्यासोबत आणि मग बंदुकीसोबत त्यांनी गव्हा-मक्याच्या शेतांतून तितर, लावे, ससे उठवले. असेलही. पण परंपरेच्या अखंडत्वाचे दावे तपासण्यातच माझी नोकरी गेली, त्यामुळे मी तारखा शोधत बसले. एफ.सी.आय. या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या अधिकृत वर्णनातच त्या सापडल्या. १८८२ मध्ये हंगेरीत शिकारी कुत्र्यांची पहिली स्पर्धा भरली, तिच्यात हे कुत्रे उतरले. त्या काळात घडणीसाठी त्यांच्यात इतर पॉइंटर जातींचे रक्तही मिसळले जात होते. शुद्ध पैदाशीला खरी सुरुवात झाली ती १९२० मध्ये आणि आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली ती १९३६ मध्ये.

१९२० हा आकडा वाचला आणि मी पुस्तक मिटले. त्याच वर्षीच्या ४ जूनला त्रियानोंचा तह झाला आणि पहिल्या महायुद्धात हरलेल्या हंगेरीची सुमारे दोन-तृतीयांश भूमी शेजाऱ्यांच्या नकाशात गेली. सेंतेंद्रेच्या गल्ल्यांत उभ्या असलेल्या मोटारींच्या मागे त्या हरवलेल्या मोठ्या हंगेरीच्या आकाराचे चिकटचित्र मी रोज पाहत होते. घर गेले की माणूस भांडी मोजू लागतो, तसे त्या लोकांनी आपल्याकडे खास आपले असे काय उरले हे मोजायला घेतले असावे, आणि त्या मोजणीत हे पावाच्या रंगाचे, फार थोडे उरलेले कुत्रे सापडले असावेत. हा माझा तर्क, पुरावा नाही. पण झोंबलीच्या छातीवर रुपयाएवढा पांढरा ठिपका होता आणि पाच सेंटीमीटरपर्यंतचा ठिपका चालतो, त्याहून मोठा चालत नाही असा नियम आहे, हे कळले तेव्हा त्या सेंटीमीटरांमागे मला कुठली तरी सरहद्द आखणारा माणूस दिसला खरा. असो.

भावाने मला दोन पाने लिहून फ्रिजच्या दाराला लावून दिली होती. भावजयीला दवाखान्यात नेले की दोन-तीन रात्री तो शहरातच राहणार होता आणि झोंबली माझ्यावर. त्याचे मराठी दहावीनंतर थांबलेले, त्यामुळे ती पाने एखाद्या शालेय निबंधासारखी होती. सकाळी सहाला एक तास नदीकाठच्या कुरणात, पट्टा काढून. संध्याकाळी पुन्हा तेवढेच. "ती दमली नाही तर घर दमते." जेवण दोनदा आणि खाल्ल्यावर तासभर पळवायचे नाही, पोटाला पीळ पडून कुत्रे दगावते. अंघोळ नको, रबरी मोजा अंगावरून फिरवला की झाले, या जातीला कुत्र्याचा म्हणून वास जवळजवळ येतच नाही. कान लोंबते, म्हणून आठवड्यातून एकदा उलटून पाहायचे. फिरून आल्यावर कान आणि बोटांच्या बेचक्या पाहायच्या, कारण रानगवत वाळू लागले की कुसळे लागतात आणि कुसळ एकदा शिरले की मागे फिरत नाही, आत आत जाते. थंडीत अंगात कपडा, कारण बाकी कुत्र्यांना केसांखाली असते तशी मऊ लव हिला जवळपास नाहीच. ओरडायचे नाही. "ओरडलीस तर काम शिकत नाही, फक्त दुःखी होते." आणि शेवटी, दोन रेघा ओढून: "एकटी ठेवायची नाही."

कुरणातल्या त्या सकाळी माझ्या लक्षात राहिल्या आहेत. एकदा ती दव पडलेल्या गवतातून नागमोडी धावत असताना अचानक थांबली. थांबली म्हणजे, धावण्याच्या मध्येच कोणी तिचे चित्र काढावे तशी. उजवा पाय दुमडून वर, मान पुढे, शेपूट पाठीच्या रेषेत ताठ. तिची शेपटी पूर्ण आहे. जुन्या शिकारी रिवाजाप्रमाणे ती पावभाग छाटत, आता युरोपातल्या बऱ्याच देशांत त्याला बंदी आहे. मला गवताखेरीज काही दिसत नव्हते. ती श्वासही घेत नव्हती असे वाटले. मीही उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग तिने मान न हलवता फक्त डोळे फिरवून माझ्याकडे पाहिले, की पुढचे तुझे काम. माझ्या हाती ना बंदूक, ना ठाऊक की अशा वेळी काय म्हणायचे. मी नुसतीच टाळी वाजवली. तिच्या नाकापासून दोन हातांवरून एक काळा पक्षी उडाला, आणि तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी नापास विद्यार्थ्यांकडे पाहत असेन.

आता त्या दिवसाविषयी. भाऊ-भावजय दवाखान्यात गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी झोंबली माझ्या खोलीच्या दाराशी आली नाही. ती स्वयंपाकघराच्या फरशीवर कोपऱ्यात पडली होती. हाक मारली तर शेपटीचे टोक हलले. मी चहा केला. पायात कोणी आले नाही. खुर्चीत बसले, मांडी मोकळी राहिली. मी आईला सविस्तर पत्र लिहिले, थोडे वाचले, आणि मला सुटल्यासारखे वाटले. शेवटी सवय झाली हिला, असे मनात म्हटले. हे वाक्य लिहिताना आजही हात अडखळतो, कारण ती अर्धा दिवस दूर राहिली ही जगातली सर्वांत वाईट खूण होती आणि मी तिला शहाणपण समजले. दुपारी तिने अन्नाला तोंड लावले नाही, तेव्हाही मी म्हटले, मालकाची आठवण येत असेल.

संध्याकाळी तिला कशीबशी बागेत नेले. कुंपणापलीकडे शेजारचे म्हातारे गृहस्थ गुलाबांना पाणी घालत होते. त्यांना सगळे 'बाची' म्हणतात. वडीलधाऱ्या पुरुषाला तिकडे असेच म्हणतात, आपल्या काकांसारखे. झोंबली गवतात बसली आणि बाचींनी हातातली झारी खाली ठेवली. तिची लघवी बिनदुधाच्या कॉफीसारखी काळपट होती. ते फाटक ढकलून आत आले, तिचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या; पांढऱ्याफटक होत्या. मला विचारले, "कुल्लांच?" मला शब्द कळेना. त्यांनी दोन नखांनी आपल्याच मनगटावरची कातडी चिमटीत धरून दाखवली. गोचीड.

हंगेरीतल्या दमट रानांत आणि नदीकाठांवर एक नक्षीदार पाठीची गोचीड असते, तिच्या चाव्यातून बाबेसिया नावाचा परजीवी कुत्र्याच्या रक्तात शिरतो आणि तांबड्या पेशी फोडत सुटतो. फुटलेल्या पेशींचा रंग लघवीतून जातो. उपचाराला उशीर झाला तर काही दिवसांत खेळ आटोपतो. गोचिडांवरची गोळी वेळच्या वेळी दिली की सहसा हे होत नाही. एप्रिलअखेरची गोळी बाळंतपणाच्या गडबडीत राहून गेली होती. हे सगळे मला नंतर कळले. त्या वेळी मी बाचींच्या मोटारीत मागच्या सीटवर तिचे डोके मांडीवर घेऊन बसले होते, आणि ते डोके तापाने तव्यासारखे लागत होते. डॉक्टरीणबाईंनी कानाच्या कडेतून थेंबभर रक्त घेतले, काचपट्टीवर पसरले, रंगवले आणि सूक्ष्मदर्शकातून मला दाखवले: गोल गुलाबी पेशीत पेअरच्या आकाराचे दोन जांभळे ठिपके, टोकाशी टोक लावून. मग इमिडोकार्बचे इंजेक्शन, सलाईन, आणि रात्रभर लक्ष ठेवण्याची ताकीद.

त्या रात्री तिला हुडहुडी भरली. घरातली पांघरुणे कुठे ठेवली आहेत हे मला ठाऊक नव्हते. माझ्या बॅगेत बाळासाठी आईने शिवून दिलेली गोधडी होती, तिच्या दोन जुन्या सुती साड्यांची, बारीक धावदोऱ्याची. क्षणभर मनात आले की हे आईला सांगायचे कसे. मग मी ती झोंबलीवर घातली आणि फरशीवर तिच्याशेजारी बसले. पहाटे चारच्या सुमारास तिने मान उचलली, जागा बदलली आणि पाठ माझ्या पायांना टेकवली.

तिसऱ्या दिवशी ती खाऊ लागली. त्याच दिवशी भाची झाल्याची बातमी आली. भावाला मी झोंबलीचे काही सांगितले नव्हते, तो घरी आल्यावर सांगितले. तो काही बोलला नाही, गोळीच्या रिकाम्या खोक्याकडे बघत राहिला.

आठवड्याने बाची बाळ पाहायला आले. मग व्हरांड्यात बसून त्यांनी एक हकिकत सांगितली, भाऊ मराठीत सांगत गेला. त्यांचा जन्म १९३६ चा, पश्चिम हंगेरीतला. वडील एका जमीनदाराच्या रानावर राखणदार. १९४५ च्या मार्चमध्ये रशियन फौजा जवळ आल्या तेव्हा जमीनदाराचे कुटुंब गाड्या भरून ऑस्ट्रियाकडे निघाले. तीन विज्ला होत्या. दोन गाडीत चढवल्या. तिसरी म्हातारी, वाटेत टिकायची नाही म्हणून राखणदाराच्या हाती दोरी दिली. ती कितीतरी दिवस फाटकाशी रस्त्याकडे तोंड करून बसत असे. घरात माणसांनाच पुरेसे नव्हते, तरी वडील आपल्यातले तिला देत. पुढच्या हिवाळ्यात ती गेली. "ती आमच्याकडे राहिली," बाची म्हणाले, "पण आमची झाली नाही."

अशा गाड्यांत चढलेल्या कुत्र्यांचाही या जातीच्या टिकण्यात वाटा आहे. सरहद्दीपलीकडे ऑस्ट्रियात आणि चेकोस्लोव्हाकियात गेलेली आणि मागे देशात कशीबशी तगलेली, अशा थोडक्या जनावरांतून युद्धानंतर पुन्हा पैदास उभी राहिली. १९५० मध्ये सारी नावाची एक कुत्री अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातल्या एका कर्मचाऱ्याने तिकडे पोहोचवली, १९६० मध्ये तिथल्या केनेल क्लबने जातीला मान्यता दिली, आणि २०१० मध्ये इंग्लंडच्या क्रफ्ट्स या प्रदर्शनात सर्वश्रेष्ठ ठरलेला योगी नावाचा विज्ला तर ऑस्ट्रेलियात जन्मलेला होता. हंगेरियनपण शुद्ध राखण्यासाठी जिचे सेंटीमीटर मोजले, ती जात परदेशांत पसरली. मला त्या फाटकाशी बसलेल्या तिसरीचेच वाटत राहिले.

त्याला कारण आहे. १९८८ च्या मे महिन्यात वडिलांची बदली झाली आणि आम्ही गोदाकाठचे एक गाव सोडले. सामान ट्रकने गेले, आम्ही एस.टी.ने. मोती नावाचा आमचा कुत्रा होता, गावठी, पिवळसर. वडील म्हणाले, नव्या गावी भाड्याची खोली, कुत्रे ठेवणार कुठे. मोती एस.टी.मागे ओढ्याच्या फरशीपुलापर्यंत धावला. मी मागच्या खिडकीत होते, दहा वर्षांची. भाऊ चार वर्षांचा, आईच्या मांडीवर झोपलेला. आमच्या घरात तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

बाची गेल्यावर झोंबली आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसली, म्हणजे दोघांनाही टेकून. भाऊ तिचे कान उलटून कुसळे पाहत म्हणाला, "आपलाही होता ना गं एक, मोती? त्याला शेजारच्यांकडे ठेवला होता ना? आई सांगायची, मजेत राहिला म्हणून."

मी म्हटले, "हो. मजेत राहिला."

जूनमध्ये परतले. आईला गोधडीचे सांगितले तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "तिची तिलाच राहू दे, बाळाला दुसरी शिवते." दुसरी तिने दिवाळीच्या आत शिवून पाठवली. पहिली झोंबलीच्या टोपलीत राहिली. ती आता दहा वर्षांच्या पुढे आहे. ही कुत्री साधारण बारा-चौदा वर्षे जगतात. तोंडाचा पुढचा भाग पिठात बुडवल्यासारखा पांढरा झाला आहे, सकाळचा तास अर्ध्यावर आला आहे, आणि गोधडीच्या चिंध्या झाल्या आहेत. भावाने भीतभीत विचारले, आई आणखी एक देईल का. आईला आता सुईत दोरा ओवता येत नाही. तिने साड्या काढून दिल्या, शिवली मी. माझे टाके तिच्यासारखे सरळ नाहीत. रांगा मध्येच चढतात, उतरतात. परवा कुरिअरच्या कार्यालयात नेऊन दिली. आत काय आहे, असे तिथल्या मुलाने विचारले. जुने कपडे, असे मी सांगितले. किंमत काय लिहू, असे त्याने विचारले. मी म्हटले, लिही दोनशे रुपये. पाठवणावळ त्याच्या कितीतरी पट झाली.